हळदीची बातमी खोटी नव्हती

यवतमाळकडच्या माझ्या काकांच्या गालाच्या आत गेल्या दिवाळीत एक पांढरा चट्टा निघाला. काका तीस वर्षं खर्रा खातात. विदर्भाबाहेरच्यांसाठी सांगतो, सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घालून घासघास घासलेला तो प्रकार, म्हणजे इकडच्या माव्याचा सख्खा भाऊ. डॉक्टरांनी "तुकडा काढून तपासू" म्हटल्यावर काकांनी मला फोन लावला. एमएस्सीनंतर मी दोन वर्षं एका प्रयोगशाळेत प्रोजेक्ट असिस्टंट होतो. तेवढ्या भांडवलावर घरात कॅन्सरबद्दल मत माझंच विचारलं जातं.

"अरे, हळदीनं तोंडाच्या कॅन्सरच्या पेशी मरतात असं पेपरात आलंय. खोटं आहे का?"

खोटं नव्हतं. खोटं असतं तर फोन दोन मिनिटांत संपला असता. हळदीतल्या कर्क्युमिननं तोंडाच्या कॅन्सरच्या पेशी मरतात, हे अनेक प्रयोगशाळांनी दाखवलंय. कडुनिंब, अश्वगंधा, द्राक्षाची साल, ग्रीन टी, सगळ्यांबद्दल असं छापून आलंय आणि बहुतेक ठिकाणी प्रयोग प्रामाणिकपणे केलेला आहे. प्रश्न असा की त्या पेशी कुठे मेल्या, किती औषधात मेल्या, आणि त्यानंतर काय झालं. काकांना फोनवर जे तुकड्या-तुकड्यांत सांगितलं, ते इथे जरा नीट लिहितो.

आधी आजाराविषयी थोडं. डॉक्टर ज्याला 'हेड अँड नेक' कॅन्सर म्हणतात त्यात मेंदू येत नाही. ओठ, जीभ, गाल, हिरड्या, टाळू, घसा, स्वरयंत्र, नाकामागची पोकळी असा तो सगळा मुलूख. यातले नव्वद टक्क्यांहून जास्त कॅन्सर आतल्या नाजूक अस्तराच्या चपट्या पेशींपासून सुरू होतात. पाश्चात्त्य देशांत यातला घशाचा कॅन्सर एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे वाढतोय. आपल्याकडे मात्र गाल आणि हिरडी यांच्यामधल्या खोबणीत, म्हणजे जिथे बार भरून ठेवतात नेमकं तिथे, तो उगवतो. भारतातल्या पुरुषांमध्ये तोंडाचा कॅन्सर पहिल्या क्रमांकावर आहे. आणि नुसती सुपारीही, तंबाखूशिवायची, कॅन्सर करते, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेनं २००४ साली जाहीर केलं. "मी तंबाखू सोडली, आता फक्त सुपारी" म्हणणाऱ्यांना हे सांगितलं की ते माझ्याकडे दुष्टासारखे बघतात.

उपचार ठरलेले आहेत. शस्त्रक्रिया, शेक म्हणजे रेडिएशन, आणि गरज असेल तिथे सिस्प्लॅटिन नावाचं केमो. सिस्प्लॅटिन हे प्लॅटिनम धातूपासून बनलेलं औषध आहे, झाडाशी त्याचा काही संबंध नाही.

आता प्रयोगशाळेत चला. साधारण पोस्टकार्डाएवढी प्लॅस्टिकची पारदर्शक ताटली असते. तिच्यात बारा-बाराच्या आठ ओळींत ९६ खळगे. प्रत्येक खळग्यात काही हजार पेशी आणि त्यांचं खाद्य असलेलं गुलाबीसर पाणी. या पेशी कधीतरी एखाद्या रुग्णाच्या गाठीतून काढलेल्या असतात आणि नंतर वर्षानुवर्षं बाटलीत वाढवत ठेवलेल्या असतात. जिभेच्या कॅन्सरची 'कॅल-२७', घशाची 'फाडू' ही त्यांतली नावाजलेली घराणी. मुंबईत टाटाच्या कॅन्सर रिसर्च इन्स्टिट्यूटनं भारतीय रुग्णाच्या जिभेच्या गाठीतून 'एडब्ल्यू १३५१६' नावाची पेशींची जात तयार केली होती, तीही वापरतात.

या खळग्यांत वनस्पतीचा अर्क वेगवेगळ्या मात्रांमध्ये टाकायचा. शरीराच्या तापमानाला, ३७ अंशांवर, दोन-तीन दिवस ठेवायचं. मग एमटीटी नावाचं पिवळं द्रावण घालायचं. जिवंत पेशी त्या पिवळ्याचे जांभळे स्फटिक करतात, मेलेल्या करत नाहीत. जांभळा रंग जितका फिका तितक्या जास्त पेशी मेल्या. रंग मोजायला यंत्र आहे, पण ताटली प्रकाशासमोर धरली तरी कळतं: एका टोकाला जांभळाच्या रसासारखा गडद रंग, दुसऱ्या टोकाला जवळजवळ कोरा.

मला पहिल्याच महिन्यात असा कोरा रंग मिळाला होता. सीताफळाच्या बियांचा अर्क होता, ऐंशी टक्के पेशी खलास. मी ताटलीचा फोटो काढून आईला पाठवला. आमच्या मॅडम आल्या, वही बघितली आणि एवढंच म्हणाल्या, "नुसतं डीएमएसओ टाकून पाहिलंस का?" अर्क पाण्यात विरघळत नाही म्हणून तो डीएमएसओ नावाच्या द्रावकात विरघळवतात. मी ते मापापेक्षा बरंच जास्त घातलं होतं. दुसऱ्या दिवशी अर्काशिवाय, फक्त तेवढं डीएमएसओ टाकलेल्या खळग्यांतही पेशी तशाच मेलेल्या निघाल्या. सीताफळ निर्दोष होतं, किंवा दोषी, ते त्या प्रयोगातून कळणारच नव्हतं.

उलट गोष्टही होते. बऱ्याच वनस्पतींच्या अर्कात अशी द्रव्यं असतात जी पेशी नसतानाही स्वतःच एमटीटीचा पिवळा रंग जांभळा करतात. म्हणजे मेलेल्या पेशी जिवंत दिसतात. कर्क्युमिन तर स्वतःच भडक पिवळं, शिवाय वेगवेगळ्या प्रथिनांना चिकटणारं आणि काही चाचण्यांच्या प्रकाशात स्वतःच चमकणारं. औषध शोधणारे रसायनशास्त्रज्ञ अशा रेणूंची एक काळी यादी ठेवतात, जवळजवळ प्रत्येक चाचणीत 'हो' म्हणणाऱ्यांची. कर्क्युमिन त्या यादीत आहे. प्रत्येक दुखण्यावर हळद गुणकारी असल्याचे एवढे शोधनिबंध का निघतात, याचं थोडं उत्तर तिथे आहे.

म्हणून चांगल्या प्रयोगात अर्धे खळगे औषधाचे नसतातच. नुसत्या द्रावकाचे, पेशी नसलेले, आणि निरोगी पेशींचे असतात. निरोगी पेशींचे सगळ्यात महत्त्वाचे. कॅन्सरच्या पेशी मिठानंही मरतात, फक्त भरपूर घालायला हवं. एखाद्या मात्रेत कॅन्सरच्या पेशी मेल्या आणि त्याच मात्रेत तोंडाच्या निरोगी अस्तराच्या पेशी टिकल्या, तर पुढे बोलायला काही आहे.

पेशी ज्या म्हणून विकत आणल्या त्याच आहेत का, हाही प्रश्न आहे, आणि त्याची गोष्ट मोठी चमत्कारिक आहे. १९५०च्या दशकात अमेरिकेत तोंडाच्या कॅन्सरची म्हणून 'केबी' नावाची पेशींची जात तयार झाली आणि स्वरयंत्राच्या कॅन्सरची म्हणून 'हेप-२'. पुढे १९६७च्या सुमाराला लक्षात आलं की या दोन्ही मुळात हिला पेशी आहेत. हिला म्हणजे १९५१ साली बाल्टिमोरच्या रुग्णालयात हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय स्त्रीच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतून, तिला न विचारता घेतलेल्या पेशी. त्या इतक्या दांडग्या की दुसऱ्या बाटलीत एखादा थेंब उडाला तरी मूळच्या पेशींना हुसकून स्वतः पसरतात. इतकी वर्षं झाली तरी 'केबी'वर प्रयोग करून "मुखकर्करोगावर गुणकारी" असं लिहिलेले निबंध निघतात. भारतातूनही निघतात. म्हणजे गर्भाशयमुखाच्या पेशी मारून तोंडाचं औषध सापडल्याची घोषणा.

गंमत म्हणजे, याच 'केबी' पेशींवर एक खरं औषध सापडलं, आणि ते सापडवणाऱ्यांतला एक माणूस नंदुरबारचा होता.

अमेरिकेच्या राष्ट्रीय कॅन्सर संस्थेनं १९६०च्या सुमाराला एक अवाढव्य काम हाती घेतलं. जगभरातून झाडपाला गोळा करायचा आणि एकेक अर्क पेशींवर आणि उंदरांवर टाकून बघायचा. १९८२पर्यंत वनस्पतींचे जवळपास ३५ हजार नमुने तपासून झाले. त्यात १९६२ साली वॉशिंग्टन राज्याच्या जंगलातून पॅसिफिक यू नावाच्या झाडाची साल आली. १९६४ साली तिच्या अर्कानं 'केबी' पेशी मेल्या. साल नॉर्थ कॅरोलिनात मनरो वॉल यांच्या प्रयोगशाळेकडे गेली. तिथे त्यांच्यासोबत होते मनसुख वाणी. जन्म १९२५, नंदुरबार. रसायनशास्त्राचं शिक्षण मुंबई विद्यापीठात, पुढे अमेरिकेत इंडियाना विद्यापीठात डॉक्टरेट.

अर्कातून नेमका रेणू वेगळा काढणं हे भुशातून सुई काढण्यासारखं असतं, फक्त सुई कशी दिसते ते माहीत नसतं. अर्काचे दोन भाग करायचे, दोन्ही पेशींवर टाकायचे, ज्यानं पेशी मरतात तो ठेवायचा. त्याचे पुन्हा दोन भाग. असं करत करत १२ किलो सालीतून हाती लागलं अर्धा ग्रॅम. त्याचं नाव टॅक्सॉल. त्याची रचना वॉल आणि वाणींनी १९७१ साली छापली.

आणि मग? काही नाही. पाण्यात विरघळत नाही, मिळतं चिमूटभर, साल काढली की शंभर वर्षांचं झाड मरतं. कुणाला फारसा रस नव्हता. १९७९ साली न्यूयॉर्कमध्ये सुझन हॉरविट्झ यांनी ते काम कसं करतं हे दाखवल्यावर लोकांचे कान टवकारले.

ते समजायला लग्नाचा मांडव डोळ्यापुढे आणा. पेशीचे दोन भाग होताना आत बारीक नळ्यांचा एक सांगाडा उभा राहतो, गुणसूत्रं दोन बाजूंना ओढून नेतो आणि काम झालं की लगेच सुटतो. मांडववाला जसा रात्रीत बांबू सोडून पुढच्या लग्नाला जातो तसा. तोवर माहीत असलेली औषधं, म्हणजे आपल्या दारातल्या सदाफुलीतून मिळणारी, हा मांडव उभाच राहू देत नव्हती. टॅक्सॉल उलटं करतं. उभ्या मांडवाच्या सगळ्या गाठी इतक्या घट्ट आवळतं की तो सोडताच येत नाही. पेशी अर्ध्या विभागणीत अडकते आणि मरते.

अमेरिकेत टॅक्सॉलला १९९२ साली परवानगी मिळाली, तीही अंडाशयाच्या कॅन्सरसाठी. साल गोळा केल्यापासून तीस वर्षं.

डोकं-मानेच्या कॅन्सरला उपयोगी पडलं ते त्याचं भावंड, डोसिटॅक्सेल. फ्रान्समध्ये पिएर पोतिए यांच्या गटानं युरोपातल्या यू झाडाच्या सुईसारख्या पानांतून एक कच्चा रेणू काढला आणि प्रयोगशाळेत त्यावर उरलेला भाग जोडला. पानं पुन्हा फुटतात, झाड मरत नाही. २००७ साली दोन मोठ्या चाचण्यांचे निकाल एकाच वेळी आले. त्यांतल्या एकीत ५०१ रुग्ण होते. नेहमीच्या दोन औषधांवर तीन वर्षांनी ४८ टक्के रुग्ण हयात होते. डोसिटॅक्सेलची जोड दिलेल्यांत ६२ टक्के.

आणखी एक निकाल आपल्या घरचा आहे. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये असे पुष्कळ रुग्ण येतात ज्यांना सिस्प्लॅटिन देता येत नाही. कुणाची किडनी कमकुवत, कुणाला ऐकू कमी येतं. अशा ३५६ जणांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी दोन गटांत विभागणी केली. एकाला फक्त शेक. दुसऱ्याला शेकासोबत आठवड्याला एकदा अगदी थोडं डोसिटॅक्सेल, जास्तीत जास्त सात वेळा. दोन वर्षांनी पहिल्या गटात ४१.७ टक्के रुग्ण हयात होते, दुसऱ्यात ५०.८ टक्के. हे २०२३ साली प्रसिद्ध झालं.

आता कुणी विचारलं की झाडपाल्यातून डोकं-मानेच्या कॅन्सरवर औषध मिळालंय का, तर उत्तर ठणठणीत 'हो' आहे. पण टाटाच्या त्याच चाचणीत तोंड गंभीरपणे सोलवटण्याचं प्रमाण नुसत्या शेकावर साधारण २२ टक्के होतं, डोसिटॅक्सेलसोबत ते ५० टक्क्यांच्या जवळ गेलं. झाडापासून आलं म्हणून ते सौम्य झालं नाही. यूचं झाड मुळात विषारीच आहे. युरोपात त्याचा पाला खाऊन गुरं मरतात. जे पेशी मारतं ते विषच असतं. ते कुठे, किती आणि किती दिवसांनी द्यायचं एवढाच सगळा प्रश्न.

(वाणींचं दुसरं काम आपल्या सह्याद्रीपर्यंत येऊन पोचलं. वॉल आणि त्यांनी १९६६ साली एका चिनी झाडातून कॅम्प्टोथेसिन शोधलं. तेच द्रव्य पुढे आपल्याकडच्या नरक्यात सापडलं. नरक्या म्हणजे फुलांच्या घाण वासामुळे हे नाव पडलेलं, कोल्हापूर-सिंधुदुर्गाकडच्या जंगलातलं छोटं झाड. तेव्हापासून त्याची चोरटी तोड आणि पकडलेले ट्रक यांच्या बातम्या येत असतात. त्यापासूनची औषधं मोठ्या आतड्याच्या, फुप्फुसाच्या आणि अंडाशयाच्या कॅन्सरला वापरतात, तोंडाच्या नेहमीच्या उपचारात ती नाहीत.)

काकांचा प्रश्न हळदीचा होता, तिकडे वळतो.

ताटलीतल्या पेशी मारायला कर्क्युमिन साधारण २० मायक्रोमोलर लागतं असं धरा. सोप्या भाषेत, एका लिटरला सात-साडेसात मिलिग्रॅम. माणसाच्या अंगात रक्त पाच लिटर, म्हणजे ३७ मिलिग्रॅम रक्तात पोचलं की झालं. एवढं तर एका कॅप्सूलमध्ये असतं! इंग्लंडमध्ये लेस्टरला आतड्याच्या कॅन्सरच्या रुग्णांना रोज ३,६०० मिलिग्रॅम शुद्ध कर्क्युमिन देऊन रक्त तपासलं. हिशेबानं गरजेच्या शंभरपट दिलेलं. तासाभरानं रक्तात सापडलं ११ नॅनोमोलर (एक नॅनोमोलर म्हणजे मायक्रोमोलरचा हजारावा भाग). हवं होतं २० हजार नॅनोमोलर. म्हणजे जवळपास अठराशे पटीनं कमी.

बाकीचं गेलं कुठे? बरंचसं आतड्यातून तसंच बाहेर पडतं. जे आत शिरतं त्याला आतड्याची भिंत आणि यकृत लगेच साखरेसारखे रेणू चिकटवून बाहेरचा रस्ता दाखवतात. आणि तो रेणू मुळातच ठिसूळ. साध्या द्रावणात, रक्ताइतक्या आम्लतेला, अर्ध्या तासात बहुतेक मोडून जातो.

"मिऱ्यासोबत घेतलं तर?" काकांनी हेही वाचलं होतं. खरं आहे, बंगळुरूच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजमधल्या संशोधकांनी १९९८ साली दाखवलं की मिऱ्यातल्या पिपेरिनसोबत कर्क्युमिन वीसपट शोषलं जातं. ढोबळ हिशेब करा. अकराच्या वीसपट दोनशे वीस. हवेत वीस हजार. शिवाय पिपेरिन हे करतं कसं, तर यकृताचं ते बाहेर काढायचं काम रोखून. ते यकृत रुग्णाच्या केमोचीही विल्हेवाट लावत असतं. तिथे अडथळा आला तर केमो रक्तात जास्त साचू शकतं. म्हणून कॅन्सरच्या डॉक्टरांना घरगुती काढ्याचं सांगावं, लपवू नये. ते रागावतील, रागावू दे.

आणि ही झाली शुद्ध कर्क्युमिनची गोष्ट. हळदीत ते असतं शेकडा तीनच्या आसपास. ३.६ ग्रॅम कर्क्युमिनसाठी रोज १२० ग्रॅम हळद खावी लागेल, म्हणजे चाळीसेक चमचे. काकू म्हणाल्या, "भाजी पिवळी नाही, कडू जहर होईल."

तरीही तोंडाचा कॅन्सर इथे जरा वेगळा आहे. हा भाग मला सगळ्यात रंजक वाटतो. स्वादुपिंडाला औषध पोचवायचं तर रक्तातूनच जावं लागतं. गालावर ते थेट लावता येतं. चघळायची गोळी, चूळ भरायचं द्रावण, लेप. रक्तात अकरा नॅनोमोलर असेना का, गालाच्या अस्तराला हजारो पट मिळू शकतं. लॉस एंजेलिसच्या संशोधकांनी २०११ साली रुग्णांना कर्क्युमिनच्या गोळ्या चघळायला दिल्या आणि आधीची-नंतरची लाळ तपासली. पेशींना वाढायला चिथावणारं एक प्रथिन नंतरच्या लाळेत मंदावलेलं दिसलं. गाठ बरी झाली असं कुणी म्हटलं नाही, त्यांनीही नाही. लाळ सतत धुऊन नेते, आणि लेप वरच्या थरापुरता. मानेच्या गाठींपर्यंत पोचलेल्या कॅन्सरला तो शिवतही नाही. पण कॅन्सर होण्याआधीच्या चट्ट्याला शिवू शकतो.

म्हणून काकांच्या चट्ट्यासारख्या चट्ट्यांवर भारतात एक नेटकी चाचणी झाली. २०१६ साली ती छापून आली. २२३ माणसं. अर्ध्यांना सहा महिने रोज ३.६ ग्रॅम कर्क्युमिन, अर्ध्यांना दिसायला तशाच पण औषध नसलेल्या गोळ्या. कोण काय खातंय हे ना रुग्णाला माहीत, ना डॉक्टरला. कर्क्युमिन घेणाऱ्यांत ६७.५ टक्के जणांचा चट्टा कमी झाला.

इथेच थांबलो तर मथळा तयार आहे. दुसरा आकडा असा की नुसत्या गोळ्या खाणाऱ्यांतही ५५.३ टक्के जणांचा चट्टा कमी झाला. असे चट्टे आपोआप कमी-जास्त होतात, तंबाखू सोडली की कमी होतात, आणि ज्याला कुणीतरी दर महिन्याला तपासतंय तो माणूस तोंडाची काळजीही जास्त घेतो. दुसरा गट नसता तर हे सगळं श्रेय हळदीनं खिशात घातलं असतं. उरलेला बारा टक्क्यांचा फरक खरा मानता येतो, पण चट्ट्याचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तेव्हा दोन्ही गटांत भरवशाचा फरक नव्हता. आणि कॅन्सर व्हायचा की नाही हे ठरतं त्या सूक्ष्मदर्शकाखालच्या चित्रावर.

ग्रीन टीच्या अर्काचं असंच झालं. अमेरिकेत ह्यूस्टनला ४१ जणांवर चाचणी झाली, निकाल आला २००९ साली. अर्क घेणाऱ्यांत निम्म्यांना फरक पडला, न घेणाऱ्यांत १८ टक्क्यांना. पुढे पाठपुरावा केला तर कॅन्सर होण्याच्या प्रमाणात फरक दिसला नाही.

काकांना मात्र सगळ्यात जास्त रस वाटला तो सरकीत. त्यांची सहा एकर कपाशी आहे. कपाशीच्या बीत, पानात, मुळात गॉसिपॉल नावाचं पिवळं द्रव्य असतं. किडींपासून झाड स्वतःला वाचवतं ते याच्या जोरावर, आणि कोंबड्या-डुकरांना कच्ची सरकी जास्त घालत नाहीत तेही याच्यामुळे. चीनमध्ये १९७०च्या दशकात ते पुरुषांसाठी गर्भनिरोधक म्हणून वापरून पाहिलं होतं. काहींच्या रक्तातलं पोटॅशियम घसरलं, काहींची प्रजननक्षमता परत आलीच नाही, म्हणून सोडून दिलं. मग लक्षात आलं की पेशींना मरू न देणारी काही प्रथिनं गॉसिपॉल निष्प्रभ करतं, आणि डोकं-मानेच्या कॅन्सरच्या पेशींत हीच प्रथिनं माजलेली असतात. ताटलीत चाललं. उंदरांत चाललं. ज्यांचा कॅन्सर परत आला होता अशा रुग्णांना डोसिटॅक्सेलसोबत ते देऊन पाहिलं. सोसवलं बहुतेकांना, पण फायदा दिसला नाही. २०१६ साली संशोधकांनी तसं सरळ लिहून टाकलं.

मला हा निबंध आवडतो. पेपरात येत नाहीत ते हेच. ताटलीत जिंकलेल्या शंभरांतले बहुतेक उंदरात हरतात, उंदरात जिंकलेले बहुतेक माणसात. माणसातही आधी थोड्यांना देऊन किती सोसवतं ते बघायचं, मग थोड्या जास्तींना देऊन काही उपयोग दिसतो का ते, आणि शेवटी शेकड्यांना, चिठ्ठ्या टाकून, आजच्या उत्तम उपचाराशी तुलना करून. भारतात माणसांवर चाचणी करायची तर नीतिसमितीची संमती लागते आणि केंद्राच्या नोंदवहीत आधी नोंद करावी लागते. ती नोंदवही कुणालाही इंटरनेटवर बघता येते. कुणी "आमच्या औषधावर चाचणी झालीय" म्हटलं तर नोंदणी क्रमांक मागावा. वैद्याकडून मागावा, कंपनीकडूनही मागावा.

एक गोष्ट काकांना मुद्दाम दोनदा सांगितली, कारण "हळदीनं अपाय तर नाही ना" हे वाक्य त्यांच्या तोंडी सारखं येत होतं. कॅनडात क्वेबेकमध्ये सुरुवातीच्या अवस्थेतल्या ५४० डोकं-मानेच्या रुग्णांना शेक चालू असताना आणि त्यानंतर तीन वर्षं ई जीवनसत्त्व किंवा औषध नसलेली गोळी दिली. सुरुवातीला सोबत गाजरातलं बीटा कॅरोटिनही होतं; धूम्रपान करणाऱ्यांत त्यानं फुप्फुसाचा कॅन्सर वाढतो असं दुसऱ्या चाचण्यांत दिसल्यावर ते मध्येच थांबवलं. विचार चांगला होता: ही अँटिऑक्सिडंट द्रव्यं पेशींचं रक्षण करतात. केलंही. शेकाचे तात्कालिक त्रास कमी झाले. पण गोळ्या चालू असेपर्यंत जीवनसत्त्व घेणाऱ्या गटात नवे, दुसरे कॅन्सर जास्त निघाले. शेक पेशी मारतो तो बऱ्याच अंशी त्याच जहाल कणांच्या जोरावर ज्यांना अँटिऑक्सिडंट विझवतं. रक्षण कुणाचं करायचं हे त्या गोळीला कळत नाही. भाजीतली हळद, आमटीतला कढीपत्ता, जेवणातलं गाजर याला कुणीच हरकत घेत नाही. प्रश्न कॅप्सूल भरभरून घेण्याचा आहे.

काकांच्या चट्ट्याचा तुकडा शेवटी काढला. रिपोर्टमध्ये कॅन्सर नव्हता, पण पेशी बदलायला लागल्या होत्या; दर तीन महिन्यांनी दाखवायला सांगितलंय. डॉक्टरांनी त्यांना तोंडात तीन बोटं उभी घालायला लावली, दोनच गेली. सुपारीनं गाल आतून आखडतो त्याची ही घरच्या घरी करायची खूण. खर्रा सुटलाय असं काका म्हणतात. काकू काही बोलत नाहीत.

परवा पुन्हा फोन आला.

"ते कपाशीचं औषध फेल गेलं म्हणतोस?"

"हो काका."

"जाऊ दे. सरकीला असाही भाव कुठे आहे."